तात्पुरता चालू

प्रिय प्रवीण,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, राहू दे.

तुझे तीन निरोप मिळाले. मी रागावले आहे का, असं विचारलंस. गाव माझ्याशी बोलत नाही, भोंग्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली, आणि तुला पडलंय माझ्या रागाचं! सुकरीबाईंना वाघानं नेलं त्याला आज चाळीस दिवस झाले. जंगलातल्या कॅमेऱ्यानं वाघ टिपला होता, पण गावातला भोंगा वाजला नाही. दुर्गानं भोंगा वाजवणारं मशीन नीट पाहिलं नाही, असं सगळे म्हणतात. चौकशीत तुला विचारलं तेव्हा तूही हो म्हणालास.

मशीन बसवायला तू चंद्रपूरहून पहिल्यांदा आलास, तेव्हा ते ज्यावर चालतं ते लिनक्स म्हणजे काय हे मला चहा पिता पिता समजावलं होतंस. मला वाटलं, केवढा हुशार माणूस! पुढं तूच सांगितलंस की लाईट गेली की मशीन बंद पडतं, आणि परत सुरू झालं की भोंग्याची सेटिंग विसरतं. तू हात लावू नकोस, बिघडेल, मला फोन कर. मी खुळी, खरं मानलं. तू मोटरसायकलवर यायचास आणि दोन मिनिटांच्या कामाला दोन तास लावायचास. खोटं कशाला बोलू, लाईट गेली की मला आनंद व्हायचा.

त्या दिवशी पहाटे लाईट जाऊन आली. सहाला मी फोन केला. तू म्हणालास, “दुपारी येतो ना. तेवढ्यात काय होते?” भोंगा बंद आहे हे मी गावात कोणाला सांगितलं नाही. तू येणार म्हणून डोकं धुवायला गेले. त्याच वेळी सुकरीबाई टोपली घेऊन मोहफुलं वेचायला निघाल्या, माझ्याच दारावरून. भोंगा आहे म्हणून एकट्या गेल्या.

परवा तुझ्या जागी ऊर्जानगरहून पवन नावाचे तंत्रज्ञ आले. तू मशीनला आजवर दिलेली प्रत्येक आज्ञा तारखेसकट त्यांनी काढली आणि मला एकेक ओळ समजावली. पहिल्याच दिवशी तू भोंगा बरोबर लावला होतास, कायमचा. लाईट कितीदा गेली तरी तो आपोआप सुरू झाला असता. मग आठ दिवस माझा एकही फोन आला नाही. नवव्या दिवशी तू तपासणीच्या नावाखाली आलास, ती सेटिंग काढलीस आणि परत लावताना एक शब्द जास्त घातलास, ‘रनटाइम’. म्हणजे मशीन बंद पडेपर्यंतच. त्यानंतर अकरा वेळा आलास, अकराही वेळा तोच शब्द. पवनभाऊंनी तो काढला, मशीन बंद करून सुरू केलं आणि भोंगा वाजवून पाहिला. अर्धं गाव धावत आलं. मी तिथंच खाली बसून रडले. तुझी चूक झाली असती तर मी माफ केलं असतं रे. भेटायचं होतं, तर नुसतं यायचं होतंस.

ती यादी चौकशीवाल्यांकडे गेली आहे, ते त्यांचं पाहतील. हे पत्र मात्र पोस्टानं पाठवलं नाही. ज्यांनी ते आता तुझ्या हातात दिलं आणि जे दारात उभे आहेत, ते सुकरीबाईंचे घरवाले, डोमाभाऊ. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पत्र लिहायच्या आधीच यातलं सगळं मी त्यांना सांगितलं, माझ्या डोकं धुण्यासकट.  ते एवढंच म्हणाले, “तो वाचून राह्यला असन तवा मले त्याचं तोंड पाहाचं आहे.” त्यांना नीट पाहता यावं म्हणून पत्र एवढं लांबवलं.

आता तुझी नसलेली,
दुर्गा