धुऱ्यातली पास

८ मे २००६
शेजारच्या वावरातला देवमन म्हणते, विहीर त्याच्या हद्दीत हाय. म्हणो. पण विहीर गेली तं आमचा संत्रा याच उन्हाळ्यात वाळते. माह्या सासऱ्यानं दोन वावराच्या मधातल्या धुऱ्यावर वखराची झिजलेली पास, म्हणजे लोखंडी पातं, पुरली होती. हद्दीचा धोंडा कोणीबी सरकवते, म्हणून जुने लोक खाली लोखंड पुरत. सासरा सांगे – विहिरीच्या पल्याड, देवमनच्या बाजूले पुरली. ती सापडली की मिटलं. देवमनही कबूल झाला – पास जिथं, हद्द तिथं.

९ मे
नात आचल अमरावतीत शिकते. तिनं फोनवर सांगितलं, लोखंड शोधाची मशीन भाड्यानं भेटते. माह्या पोराले, खुशालरावले, पटलं नाई. मी पटवत बसली नाई.

१० मे
अकोल्याहून अफनान आला मशीन घेऊन. एरवी जमिनीतले पाईप शोधते. मशीन सारखी कुंयकुंय! खिळा, बाटलीचं झाकण, फवारणीच्या पुडीची चांदी – साऱ्यावर. खुशालरावनं दरवेळी खणलं. आता कंबर धरून पडला. म्हणलं, चल, एवढं उकरलं, यंदाची वखरणी वाचली.

११ मे
अफनाननं मोठी चकती लावली. मंग एक बटन फिरवलं. म्हणे, मशीन आता जराशी थांबून ऐकते. तवापर्यंत बारीकसारीक चिजायचा आवाज मरून जाते, मोठ्या लोखंडाचा राहते. खिळे चूप झाले. पण पासही चूप!
वरून विजेची तार गेली हाय. तिच्यानं मशीन बरळते, म्हणून ताकद कमी ठेवा लागते. अन् ताकद कमी तं हातभराच्या खालचं काई कळत नाई. मी म्हणलं, मंग लाईन जाऊ दे.
अफनान हासला. "आजी, लाईन जायाची वाट पाहणाऱ्या तुमी पयल्याच."

१२ मे
एरवी लोडशेडिंगनं दुपारभर नसते. आज मेली हाललीच नाई!

१३ मे
लाईन गेली. अफनाननं ताकद पुरी चढवली, चकती हळूहळू फिरवली. जाडा आवाज आला. दोन हात खोल पास निघाली – विहिरीच्या अल्याड, आमच्या संत्र्यात.
खुशालराव हळूच म्हणे, "माय, देवमन घरी हाय. कोनं पाह्यलं? बुजवून टाकू."
मी खड्ड्यात पाय सोडून बसली. अफनानले म्हणलं, जाय, देवमनले बलावून आण.