वॅटी प्रिंगलला काही मिळू नये म्हणून

मी, जॅनेट ऊर्फ नेटा केर्न्स, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा शेती व मेंढ्या, राहणार हॉकबर्न खोरे, ओटागो प्रांत, न्यूझीलंड, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी कंबर कामातून गेली आहे, डोके नाही. कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करू शकला असता असा एकच माणूस, माझा नवरा अ‍ॅलेक, वारला. आणि त्यालाही ते कधी जमले नाही.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक, मेंढ्या, लोकर कातरण्याची शेड व कुंपणाची सर्व हत्यारे माझ्या पश्चात माझा एकुलता मुलगा फर्गस याला मिळावीत. अ‍ॅलेकची शिंगाच्या मुठीची काठीही त्यालाच. ती भिंतीवर टांगून ठेवू नये, हातात घेऊन फिरावे. चहाचे मोठे भांडे टेकडीवरच्या, कुत्र्यांच्या शर्यतीच्या झोपडीत आहे तिथेच राहू द्यावे. त्याची तोटी गळते, ती गळतच आली आहे.

२. कुंपणापलीकडचा शेजारी वॉल्टर ऊर्फ वॅटी प्रिंगल याला माझ्या मिळकतीतून एक खिळाही मिळू नये. वकीलबाई सांगतात की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने काही घेता येत नाही. हे ऐकून मला फार बरे वाटले. म्हणून साक्षीदार म्हणून वॅटीलाच आज चार वाजता बोलावले आहे.

कारण लिहून ठेवते. चाळीसेक वर्षांपूर्वी मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीत मी पहिल्यांदा उतरले. कुत्र्याने मालकाच्या शिट्टीवर तीन मेंढ्या टेकडीवरून ठरल्या वेळात खालच्या गोलात आणायच्या, अशी ही शर्यत. तोवर खोऱ्यातल्या बायकांनी झोपडीत सँडविचे कापायची, हीच रीत होती. चुन्याच्या गोलात मी उभी, टेकडीवर माझी तेव्हाची कुत्री फ्लो. तिने तीन मेंढ्या माथ्यावरून अशा उतरवल्या की कुणी खोकलेसुद्धा नाही. दोन गोलात आल्या. तिसरीने रेघेवर पाय टेकला आणि घड्याळ धरून बसलेला वॅटी ओरडला, "वेळ संपली!" वर सगळ्यांदेखत म्हणतो, "नेटा, कुत्री लाख गुणाची आहे गं तुझी, पण तिला घड्याळ कळत नाही. जा, चहाचं बघ." सगळे हसले. अ‍ॅलेकही हसला, त्याला आठवडाभर थंड मटण वाढले. वॅटीला मात्र त्या दिवसापासून माझ्या हातचा स्कोन, चहाबरोबरचा तो गोल पाव, मिळालेला नाही. ताट त्याच्यापर्यंत आले की मी ते उचलून पुढच्या माणसापाशी नेते.

३. शर्यतीची टेकडी. जानेवारीत लोकर कातरायची, मग चर्चमधले सुगीचे जेवण, मग कृषी मेळा, जिथे मिसेस ओगिल्व्हीचा भोपळा दरवर्षी पहिला यायचा आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचे की तिने त्याला दूध पाजले आहे. आणि आमच्याकडची पानगळ लागून पॉपलरची झाडे पिवळी पडू लागली की मार्चच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या टेकडीवर शर्यत. पहाटेपासून गाड्या यायच्या. बायकांच्या हातात झाकलेली ताटे, पोरे गवतावरून घसरत, आणि माथ्यावर कुत्रा दबकला की एवढा गलका एकदम गप्प व्हायचा. त्या शनिवारांसाठी माझा जीव अजून तुटतो.

फर्गसला ही टेकडी लाकडासाठी पाइनची झाडे लावणाऱ्या कंपनीला द्यायची आहे. तो वाईट नाही, थकला आहे. यंदाच्या मार्चमधल्या शर्यतीनंतर म्हणाला,

"आई, पाच कुत्री येतात आता. पाच! त्यात एक तुझं नि एक वॅटीकाकांचं."

"मग?"

"मग काय मग? पाइन निदान वाढतील तरी."

तेव्हा टेकडी फर्गसलाच द्यावी, पण अटीवर. जोवर दर मार्चमध्ये तिच्यावर शर्यतीचा कुत्रा सुटेल, तोवर तिथे एकही झाड लावू नये. ज्या वर्षी सुटणार नाही, त्या वर्षापासून तो मोकळा.

अट लिहिणे सोपे आहे. गोल आखतो वॅटी, मेंढ्या निवडतो वॅटी, न येणाऱ्यांना घरी जाऊन शिव्या देतो वॅटी. आणि जूनमध्ये त्याचा कुत्रा मॉस मेला. आता म्हणतो, "नवं कुत्रं नको. ते माझ्यामागे उरलं तर त्याला कोण बघणार?" कुत्रा नाही तर वॅटी टेकडीवर येणार नाही, आणि वॅटी नाही तर शर्यत नाही.

४. माझी कुत्री ट्विग. ही फर्गसला द्यावी असे योजले होते. पण ज्याची त्याची शिट्टी वेगळी असते, आणि ट्विग फक्त माझी ओळखते. मे महिन्यात कंबरेच्या ऑपरेशननंतर मी खिडकीपाशी पडून होते. आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा लागतो; बर्फ यायच्या आत मेंढ्या खाली आणायच्या होत्या. फर्गस शिट्ट्या मारून लालबुंद झाला, ट्विग माथ्यावर दगडासारखी बसून. तेवढ्यात माझी शिट्टी वाजली. माझीच, शेवटी खाली उतरणारी. मला वाटले मी मेले आणि मागे शिट्टी उरली. ट्विग उठली, मेंढ्यांना वळसा घातला आणि सगळा कळप फाटकात आणून उभा केला.

कुंपणापलीकडे वॅटी उभा होता.

फर्गसने विचारले, "काका, आईची शिट्टी तुम्हाला कशी येते?"

"चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ऐकतोय रे. कान आहेत ना मला!"

फर्गसने हे येऊन सांगितले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले. लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगणार नाही.

सबब, ट्विग वॉल्टर प्रिंगल याला द्यावी. तो तिच्याआधी गेल्यास फर्गसने तिला सांभाळावे, आणि शिट्टी त्याच्याकडून आत्ताच शिकून घ्यावी.

५. वरील कलम दोन मी स्वतःच्या हाताने रद्द करते. त्यातला राग कायम आहे. साक्षीदार म्हणून वॅटीची सही घेऊ नये.

चार वाजता तो इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःचे पेन घेऊन आला. सही नको म्हटल्यावर त्याचे तोंड उतरले.

"एका सहीच्याही लायकीचा नाही का गं मी?"

"नाही. बस. स्कोन खा."

त्याने पेन खिशात ठेवले आणि ताट स्वतःकडे ओढले. मग एक खाल्ला, दुसरा खाल्ला. म्हणाला, "मीठ जरा जास्त झालंय."

ठिकाण : हॉकबर्न. दिनांक : २२ ऑगस्ट २०१७.

सही : जॅनेट केर्न्स

साक्षीदार :
१. श्रीमती हिने पराटा, टपाल वाटणारी
२. लॅकलन मूडी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर

आम्ही दोघांनी नेटाबाईंसमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. त्या वेळी वॅटी प्रिंगल बाहेर पायरीवर ट्विगचे कान खाजवत बसला होता. नेटाबाईंनी आम्हाला त्याला काही न सांगण्याची शपथ घातली आहे.