प्रात्यक्षिकात मला नापास करण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
महाविद्यालय कार्यालय, पहिला मजला

विषय: 'शांतता, संघर्ष आणि सामाजिक न्याय' या विषयात मला नापास करून सफाईच्या मावशींना कामावर परत घेण्याबाबत.
संदर्भ: काल फलकावर लागलेला निकाल. (त्यात मी पहिली आहे.)

महोदया,

१. प्रात्यक्षिकासाठी एक खरे भांडण मिटवून दाखवायचे होते. मी लांब गेले नाही. आमच्या विभागाचे दोन्ही सर एकाच खोलीत बसतात आणि खिडकीपायी एकमेकांशी बोलत नाहीत. मोठ्या सरांना वारा सोसत नाही, धाकट्या सरांचा जीव गुदमरतो. एक म्हणणार, "मावशी, लावा," दुसरे म्हणणार, "मावशी, उघडा." मावशी झाडू भिंतीला टेकवून दोघांचेही ऐकायच्या.

२. मी रीतसर बैठक घेतली. तासभर दोघांनी एकमेकांचा उद्धार केला. मग मोठे सर म्हणाले, "पण खिडकीला हात कोण लावतं?" धाकटे सर म्हणाले, "तेच ना! सगळी आग त्या बाईनेच लावलीय." आणि दोघे चक्क हसले. मावशी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना खुर्ची नव्हती, कारण पक्ष दोनच आहेत असे मीच ठरवले होते.

३. मावशींना काढावे, असा समझोता झाला. मध्यस्थाने मत द्यायचे नसते असे शिकवल्यामुळे मी तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला. लगेच मावशींचे काम गेले आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. शेरा: 'सर्व संबंधितांचे समाधान.' खिडकी आता अर्धी उघडी ठेवतात. हे आधी सुचायला काय झाले होते?

४. मी मावशींच्या घरी गेले. त्या एवढेच म्हणाल्या, "पोरी, तू तरी मला आत बोलवायचंस." मला या गुणांची किळस येते, सरांची येते आणि माझ्या सुवाच्य अक्षराचीही येते.

५. पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला नापास करण्याची तरतूद नाही, असे आपले कारकून सांगतात. तसे असल्यास मी कॉपी केली असे धरावे. दोन्ही सर जसे वागतात, तसेच मी हुबेहूब उतरवले आहे. मावशी परत आल्यावर फेरपरीक्षा घ्यावी. तिसरी खुर्ची मी घरून आणीन.

आपल्या महाविद्यालयात शांतता शिकून विटलेली,
तृतीय वर्षाची विद्यार्थिनी
(सही)
दिनांक: निकालाचा दुसरा दिवस

सोबत:
१) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. परत पाठवू नये.
२) समझोता. दोन्ही सरांच्या सह्यांसह. मावशींची सही नाही, त्यांना कुणी विचारले नव्हते.