नऊ वर्षं प्रभारी

सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्याशी माझं भांडण सुरूच हाय. समोर होतात तेव्हा भांडले न्हाई, म्हणून आज लिहून राह्यले.

टेंभुर्णीच्या शाळेत नववीला तुम्ही आम्हाला दुसरं महायुद्ध शिकवलंत. पुस्तकात नसलेलं सांगायचात. पोलंडचे वैमानिक देश गमावून इंग्रजांकडं आल्ते. मायदेशी मेजर असलेल्याला इंग्रजांनी सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याचं पद दिलं, वर त्यांच्या तुकडीवर आपला कमांडर बसवला. "विमान यानं उडवायचं, मरायचं यानं, अन् पद? पद न्हाई!" म्हणत तुम्ही टेबलावर हात आपटलात. डोळे भरून आले होते तुमचे. त्याच दिवशी मी ठरवलं, आपण इतिहासच शिकवायचा.

मंग त्याच शाळेत मी शिक्षिका झाले. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालात, संस्थेचे सचिव झालात अन् शाळा माझ्या हाती दिलीत, प्रभारी म्हणून. परीक्षा, पालकांची भांडणं, गळकं छत, सगळं मीच निस्तरायचं. मला कायम करायचा प्रस्ताव तेवढा तुमच्या सहीनं जालन्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाईना. विचारलं की तुम्ही चहा सांगायचात. "बाई, काम तर तुम्हीच करून राह्यल्या ना? पदाचं काय घेऊन बसलात?" नऊ वर्षं! मुख्याध्यापकांच्या फलकावर माझं नाव लिहायला पेंटर आल्ता, त्याला तुम्ही शिडीवरून उतरवलंत. "प्रभारीचं नाव फलकावर येत न्हाई," सगळ्या स्टाफसमोर म्हणालात. शिपाईसुद्धा खाली बघायला लागला. पोलंडवाल्यांसाठी रडणारा माणूस तो हाच का? आग लागो त्या रडण्याला.

तुम्ही गेलात, तेव्हा कुठं मला पद मिळालं. गेल्या आठवड्यात फलक नव्यानं रंगवायला घेतला. ज्याचं मुख्याध्यापकपदाच्या मान्यतेचं पत्र फायलीत न्हाई तो प्रभारी, असं मीच शाळा समितीला सांगितलं. पेंटरनं विचारलं, "मॅडम, मोठ्या सरांचं नाव?" म्हटलं, "पत्र सापडत न्हाई. वगळा." तुमचा मुलगा येऊन हात जोडून गेला. त्यालाही म्हणाले, "नियम तुमच्या वडिलांचाच हाय, दादा." लई बरं वाटलं, सर. बिलकुल वाईट वाटलं न्हाई.

हे कुठं धाडणार मी? एवढं सांगते अन् थांबते. तुमचं मान्यतेचं पत्र पहिल्याच फायलीत, अगदी वर होतं. मी ते घरी आणलंय.