मंजुळेचा वाटा

सोमवार, ८ जानेवारी १९९६

आलो एकदाचे डोंबिवलीत! मानपाड्याला गोपीनाथशेठ पाटलांनी रस्त्यालगतचा गाळा दिलाय. पुढे माझा कॉम्प्युटर क्लास, मागच्या खोलीत मी आणि उत्तरा. मशीनमध्ये नवी कोरी हार्डडिस्क, तब्बल आठशे पन्नास एमबी. उत्तराला आल्याआल्या एका बोटाने स्वतःचं नाव इंग्रजीत टाइप करायला शिकवलं. पहिला यू शोधण्यातच बाईसाहेबांचा चहा गार झाला. नाव पुरं झाल्यावर स्वारी अशी खूश की विचारू नका.

शेठच्या आत्या कमळाबाई मशीनला हळदकुंकू लावून गेल्या. त्यांची धाकटी बहीण मंजुळा इथल्याच विहिरीत गेलेली. विहीर बुजवून वर हा गाळा बांधला. तेव्हापासून इथे नवं काहीही आलं, भात असो की मासळी, पहिला वाटा मंजुळेचा काढून ठेवतात. म्हणाल्या, मशीनमध्येही काढ. मी आपली मान डोलावली. यांना काय समजावणार, कपाळ!

मंगळवार, ९

डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, पाडणाऱ्या एफडिस्क प्रोग्रामने डोकं खाल्लं. डिस्कची दोन पार्टिशनं मी पाडली, तिसरं आपोआप पडलं. एवढंसं, आठ एमबीचं. त्याचं नाव मंजुळा! शेठच्या घरातला कोणीतरी चावट असणार. पार्टिशन पुसायचं तर एफडिस्क आधी त्याचं नाव टाइप करायला लावतं. केलं टाइप, टाकलं पुसून. आठ एमबी काय झाडाला लागतात? ती जागा माझ्यात घेतली.

बुधवार, १०

ते आठ एमबी परत आलेत. आता नाव उत्तरा.

तिने हात लावलेला नाही, विचारलं मी. चिडून त्याला फॉरमॅट मारलं, आतलं सगळं साफ होऊ दे म्हटलं. दहा टक्क्यांवर तिने मला विचारलं, माझं माहेर कुठलं हो? मला वाटलं मस्करी. वीस टक्क्यांवर तिला आईचं नाव आठवेना. घाबरून मशीन बंद केलं. आईचं नाव अजूनही आठवत नाहीये तिला.

गुरुवार, ११

कमळाबाईंचे पाय धरले. एवढंच म्हणाल्या, "तिचा वाटा तू घेतलास, आता ती तुझा घेते. तिचा तिला दे रे पोरा."

मंजुळेच्या नावाने पार्टिशन करायला बसलो. जागा नाही म्हणतं. माझी दोन्ही पुसली, तरी जागा नाही. पुसण्यासारखं एकच उरलंय, उत्तराचं. नाव टाइप करा, म्हणतंय. ते टाकलं की संपली माझी उत्तरा. नाही टाकणार. मेलो तरी नाही.

डिस्कवर हातोडी मारली. उत्तरा डोकं धरून किंचाळली. हातोडी फेकून दिली.

शुक्रवार, १२

शुक्रवार, म्हणजे दिवसभर लाइट नाही. वायरही मी काढलीय, ही काय माझ्या हातात. तरी स्क्रीन चालू, वर कालचंच: नाव टाइप करा.

सकाळी तिने विचारलं, तुम्ही कोण —

दुपार. मधलं दार लागलं, उघडत नाही. मी मागे, ती पुढे मशीनसमोर. फटीतून दिसतेय. एक बोट वर धरलंय. ओरडून घसा गेला, म्हणून लिहितोय, पान फटीतून सरकवतो. उत्तरा, टाइप करू नकोस. ऊठ तिथून. मी तुझा नवरा आहे गं, ऊठ —

पान तिच्या पायाशी पडलंय, बघतही नाही. यू शोधतेय. वेळ लागतोय. लागू दे, देवा —

सापडला. टी. टी. ए.

आर मिळत नाहीये. मिळू नको देऊ. आई एकवीरे, तुझा वाटा, सगळा वाटा तुला, आर तेवढा —

आर.

आता फक्त ए. तो कुठे असतो ते तिला माहीत आहे, मीच शिकव