काशीबाय आणि सहा नंबर

प्रिय हेमाली,

अक्षर हललेलं दिसेल. त्याचा दोष माझ्या वयाला देऊ नकोस, अलिबाग–पुणे एसटीला दे. मांडीवर शाळेतली जुनी हजेरीवही आहे. तिच्यात चारच नावं असल्याने पानं भरपूर कोरी आहेत, त्यांवर लिहितो आहे. शेजारचे गृहस्थ वडखळपासून माझ्या उजव्या खांद्यावर झोपले आहेत, त्यामुळे हात जपून चालवावा लागतो. तू म्हणशील, बाबा, फोन करायचा ना. पण फोनवर आपण दोघंही नोकरीला असतो, आणि नोकरीतल्या माणसांना बोलायला वेळ कुठे असतो? शिवाय लिहिलं नाही तर पाच तास खिडकीबाहेर बघत बसावं लागेल, आणि ते आज मला जमणार नाही.

आधी माझी कबुली. जूनपासून मी शाळेत जात नाही. आठवीला संस्कृत घेणारी मुलं चार उरली, संस्थेने वर्ग बंद केला आणि त्याबरोबर मलाही. निरोप मात्र थाटात दिला: शाल, श्रीफळ आणि एक भाषण, ज्यात माझं नाव दोनदा चुकलं. तुझ्या आईला त्याच दिवशी सांगितलं. तिने शालीचा पोत बघितला आणि म्हणाली, "गरम हाय. थंडीत कामाला येल." तुला मात्र सांगितलं नाही. तुला तेव्हा नुकतीच बढती मिळाली होती, आनंदाच्या बातमीला कशाला सुतक लावायचं, असं कारण मी मनाशी दिलं. ते खोटं होतं. मला लाज वाटली. मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याचा मुलगा संस्कृत शिकायला निघाला तेव्हा गावाने कमी थट्टा केली नव्हती. "बाळाजीचा पोर भट व्हायला चाललाय" असं नाक्यावर म्हणत. तुझे आजोबा एवढंच म्हणाले होते, "व्हऊं दे की. मीठ कुणाच्या पानात नसतं?" तीस वर्षं त्या एका वाक्यावर ताठ मानेने चाललो, आणि मग एका जूनमध्ये कळलं की पानच उचललं गेलं आहे.

आता पुढचं वाचताना हस, माझी हरकत नाही. मी गेम पार्लरमध्ये बसतो. विनेश तुला आठवत असेल, माझा विद्यार्थी, संस्कृतात दोनदा नापास. धंदा बसला तेव्हा त्याने दोनांतला एक ट्रक विकला आणि नाक्यावर हे दुकान काढलं. सहा पडदे, थंड हवा, फिरत्या खुर्च्या. जुलैत मला रस्त्यात गाठून म्हणाला, "सर, तुम्ही नुस्ते येऊन बसा. पोरं लय शिव्या देतात. तुम्ही समोर असलात का जीभ आवरतील." तर आजवर शुद्धलेखन तपासलं, आता शुद्धबोलणं तपासतो. पहिल्या आठवड्यात मुलं गप्प होती. दुसऱ्या आठवड्यात एकाने अदबीने विचारलं, "सर, संस्कृतमधी पण शिव्या असतील ना?" दोन-तीन सौम्य दिल्या. आता गोळी लागली की अख्खं दुकान "अरे जाल्म!" म्हणून ओरडतं. शाळेत इतक्या आवडीने माझ्याकडून कुणी काही घेतलं नव्हतं.

बाजार किती थंड आहे ते तू पेपरात वाचतेस, आम्ही नाक्यावर बघतो. ट्रक ओळीने उभे आहेत, पुढे बांधलेल्या लिंबू-मिरच्या वाळून काळ्या पडल्या आहेत. शेजारच्या सुजितच्या हळदीला डीजे नव्हता. आपल्या गावात हळदीला डीजे नाही, म्हणजे मंदी किती खोल आहे ते तूच समज. मासळीवाली नीराबाई टोपली उतरवते आणि सांगते, पापलेटाकडे कुणी बघत नाही, पण स्वस्तातली मांदेली दहा वाजता संपते. बायका सोनाराच्या दुकानावरून मान वळवून जातात आणि पुढे गजरेवालीपाशी थांबतात. आणि विनेशच्या सहा खुर्च्या कधी रिकाम्या नसतात. अल्पेश म्हणून एक ड्रायव्हर आहे. त्याचा ट्रक दोन महिने समोरच्या पिंपळाखाली उभा आहे. तो रोज दुपारी तासभर येतो आणि पडद्यावर ट्रक चालवतो. वळणावर हॉर्न वाजवतो, चढावर शिव्या गिळतो, माल उतरवून झाला की रुमालाने मान पुसतो. मी एकदा विचारलं, "अरे, बाहेर ट्रक, आतही ट्रक?" तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, हितं भाडं भेटतं." त्या दिवसापासून मी ह्याला चैन म्हणायचं सोडलं.

सहाव्या पडद्यावर एक संथ गेम होता. तो मुलं खेळत नसत, कारण त्यात कुणी मरत नाही. विनेश म्हणाला, "सर, हा तुमच्यासारखाच हाय, ह्यो खेळा." पाणी, लहान लहान बेटं, आणि आपली एक होडी. मासे धरायचे, खारवायचे, बेटावर झोपडी उभारायची. त्याच पाण्यात कुठे कुठे बसलेली दुसरी माणसंही होड्या फिरवतात, आणि खाली अक्षरं टाइप करून एकमेकांशी बोलता येतं. त्या यंत्राला विनेशने जे नाव दिलं होतं तेच माझं नाव झालं: सहा नंबर.

ऑक्टोबरात एका सकाळी माझ्या होडीशेजारून एक निळी होडी गेली. तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, लिहिलं होतं, काशीबाय.

माझ्या आईचं नाव. पण जगात काशीबाया पुष्कळ असतील, म्हणून मी मागोमाग गेलो. होडी एका बेटाला लागली. तिथे घर होतं, आणि घरासमोर मिठाची रास होती, माडाच्या झापांनी झाकलेली, वर दगड ठेवलेली. त्या गेममध्ये मीठ झाकावं लागत नाही, हेमाली. तिथे पाऊसच पडत नाही. आपल्या आजीने झाकलेली रास जिने लहानपणी पाहिली आहे, तीच पोर हे असं उगाच करील. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला फार बरं वाटलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. मंगळवार होता, सकाळचे अकरा.

तुला सुट्टी असेल, असं धरलं. बुधवारी धरलं, आजारी असेल. नंतर घरून काम. पंधरा दिवस मी तुला सुट्ट्या देत राहिलो, आणि मग माझ्याजवळच्या सुट्ट्या संपल्या.

मी ओळख द्यायला हवी होती. दिली नाही. एक कारण असं की तू मला खेळायला शिकवायला लागलीस. "अरे गाढवा, वाऱ्याच्या तोंडावर कुठे जाळं टाकतोस?" सव्वीस वर्षांत तुझ्याकडून 'अहो बाबा'च ऐकत आलो, पहिल्यांदाच मला लेकीने इतक्या आपलेपणाने गाढव म्हटलं. दुसरं कारण मला आवडत नाही, पण लिहितो. सहा नंबरशी तू खरं बोलत होतीस. रोज एक वाजता तुझा फोन यायचा आणि मी दुकानाबाहेर पिंपळापाशी जाऊन घ्यायचो. तू म्हणायचीस, "बाबा, जेवले, आता मीटिंग आहे." मी म्हणायचो, "मधली सुट्टी आहे गं, तास आहे पुढचा." मग मी आत यायचो, खुर्चीत बसायचो, आणि समोर काशीबाय नांगर उचलत असायची.

तू सांगितलंस की गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी चाळीस जणांना एकाच बैठकीत काढलं. सांगितलंस की बाहेरचा चहा सोडलास, रिक्षा सोडलीस, पण महिन्याला होडीसाठी एक काहीतरी विकत घेतेस, कधी कंदील, कधी दोरी, तेवढं सोडवत नाही. मी विचारलं, घरी का सांगत नाहीस? तू लिहिलंस, "बाबा फार सज्जन आहेत. आमच्याकडे रिकामं बसलेलं माणूस चालत नाही." मग तू विचारलंस, तुझे बाबा काय करतात? मी लिहिलं, मुलांना शिव्या देऊ देत नाहीत. तू हसणारे तीन चेहरे पाठवलेस.

रिकामं बसलेलं माणूस. ते वाक्य माझं आहे. गणपतीत आरतीनंतर सगळे जमले होते, आत्याचा निकेश कोपऱ्यात मोबाइलवर खेळत होता. बिचाऱ्याची नोकरी महिन्याभरापूर्वी गेलेली. आणि मी, भरल्या घरासमोर, चार माणसं हसावीत म्हणून म्हणालो, "मिठागर म्हणा, शाळा म्हणा, आपल्या घरात रिकामा बसलेला माणूस झालाच नाही. निकेशराव पहिले." सगळे हसले. तू हसली नाहीस, चहा ठेवायला आत गेलीस. मला वाटलं, तुला थट्टा आवडली नाही. तेव्हा तुझी नोकरी जाऊन चार दिवस झाले होते, आणि माझी जाऊन तीन महिने. ते वाक्य मी निकेशला बोललोच नव्हतो, हेमाली. ते मी मला बोललो, आणि लागलं तुला. निकेशची माफी मी मागितली आहे. तो म्हणाला, "मामा, सोडा ना." तुझी मागायची राहिली होती.

आता खोपोली आली. शेजारचे गृहस्थ जागे झाले, वडा खाऊन पुन्हा माझ्याच खांद्यावर झोपले.

खाडीच्या बांधावर बसून मी तुला एक गोष्ट सांगितली होती, तू सात-आठ वर्षांची असशील. बांधाला चिंबोरीने भोक पाडलं की आधी नुसतं पाणी पाझरतं, मग भरतीच्या जोराने तिथे खांड पडते, आणि खारं पाणी शेतात घुसतं. म्हणून आपल्याकडे रीत अशी, की पाझर ज्याला दिसेल त्याने हाक मारायची, आणि हाक ऐकली की सगळ्यांनी हातातलं टाकून फावडी घेऊन धावायचं. तुझ्या आजोबांना, तरुण असताना, स्वतःच्याच हद्दीत पाझर दिसला. बांध चोपायला त्यांनी आळस केला होता, त्यामुळे लाज वाटली. म्हणाले, कुणाला कळायच्या आत बुजवतो. चिखल घातला, पेंढा घातला, शेवटी भोकाला पाठ लावून बसले. भरती आली आणि त्यांच्यासकट बांध घेऊन गेली. ते वाचले, पण अकरा घरांची शेतं तीन वर्षं खारी राहिली. कुणी त्यांना मारलं नाही, की शिवी दिली नाही. जो तो एवढंच विचारी, "बाळाजी, हाक का न्हाय मारलीस?" म्हातारा मरेपर्यंत मला एकच गोष्ट शिकवत राहिला: हाक मारायची, हद्द कुणाची ते मागनं बघू. मला ती पाठ होती. तुलाही. आणि सहा महिने आपण दोघं, तू पुण्यात नि मी नाक्यावर, आपापल्या भोकाला पाठ लावून बसलो होतो.

हे सगळं मी शांतपणे, यथावकाश, होळीला तू घरी आल्यावर सांगणार होतो. पण काल दुपारी चार वाजता तुझी होडी माझ्या होडीला येऊन लागली. तू लिहिलंस, "सहा नंबर, काशीबाय तुला दिली. मीठ झाकत जा. मी आता येणार नाही." मी टाइप करेपर्यंत तू गेली होतीस, आणि होडी माझ्या नावावर झाली होती, कंदील-दोरीसकट. मी बाहेर धावलो, तुला फोन केला. तू म्हणालीस, "बाबा, मीटिंग आहे, नंतर बोलते." आवाज अगदी स्थिर होता. त्या स्थिर आवाजाची मला भीती वाटली. कदाचित तुला नोकरी लागली असेल आणि खेळायला वेळ नसेल. तसं असेल तर मी माझं हसं करून घेतलं आहे, आणि इतकं आनंदाने कधी करून घेतलं नसेल. पण सगळं सोडून जी एक वस्तू माणसाने धरून ठेवली, तीच तो दुसऱ्याच्या हाती द्यायला लागला, तर बापाने होळीपर्यंत थांबू नये. पुण्याची शेवटची गाडी गेली होती, म्हणून आज पहिली धरली. कालपासून आई तुला तासातासाला काहीतरी निमित्त काढून फोन करते आहे, ते मीच सांगितलं. का, असं तिने विचारलं नाही. भाकऱ्या भाजता भाजता एवढंच म्हणाली, "पोरीचा आवाज बारीक येतो. जाऊन बग." तुझ्या नोकरीचं मी तिला सांगितलेलं नाही, ते सांगणं तुझं. हे पत्र तुझ्या इमारतीच्या रखवालदाराच्या हाती देऊन वर पाठवतो आणि समोरच्या टपरीच्या बाकावर बसतो. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आहेत, सुकट आहे, आणि बाहेरचा चहा तू सोडला असलास तरी मी दोन सांगून ठेवतो. होडी ठेवून घ्यायला मी आलेलो नाही, ती तुझीच आहे. तू कशीही असलीस, काहीही ठरवलं असलंस, तरी आधी खिडकीशी ये आणि एक हाक मार. बाबा म्हण, नाहीतर गाढव म्हण. दोन्हीला ओ देईन.

तुझाच,
सहा नंबर