आधी तुळशीरामची डिंपल

५ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या निर्णयांची नोंद असलेली बरी. पहिला निर्णय: तृप्तीला एचपीव्हीची लस द्यायची. पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून देतात. पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पण मुलीला पंधरा पूर्ण व्हायच्या आत. तृप्तीला २६ तारखेला होतात. म्हणजे टाइम भरपूर. मी तसा ॲडव्हान्स विचारांचा माणूस. तिगावात संत्र्याला ड्रिप पहिल्यांदा मीच लावली. (तुळशीरामनं आधी लावली होती, पण त्याची नळी हलकी होती.)

७ मार्च
आज जाणारच होतो. बागेत काम निघालं. बाजारात फवारणीचं नवीन औषध आलंय. नवीन औषध आधी शेजाऱ्याच्या झाडांवर पडू द्यायचं, आठ दिवस बांधावरून पानं पाहायची, मग आपला पंप काढायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. पानं जळली तर त्याची.
तेव्हाच डोक्यात आलं, लशीचंही असंच करावं. शेजारी तुळशीराम, त्याची डिंपल तृप्तीच्याच वर्गात. आधी तिला टोचू दे. बायकोला, अमिताला सांगितलं, ही सायंटिफिक मेथड आहे. ती म्हणाली, पोरगी काय संत्र्याचं झाड आहे का? संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

१० मार्च
तुळशीरामच्या घरावरून बऱ्याच चकरा. शेवटी तोच बाहेर आला. म्हणाला, भाऊ, काहून घिरट्या घालून राहिले? मी सहज विचारलं, डिंपलला लस दिली का? तर म्हणतो, तुमच्या तृप्तीचं होऊ द्या, मंग पाहतो.
म्हणजे हा माझ्या पोरीवर नजर ठेवून बसलाय! स्वतःच्या मुलीच्या तब्येतीत असली चलाखी? माणुसकी राहिली नाही.

१४ मार्च
व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, लस घेतली की पुढे मूल होत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. त्या म्हणाल्या, तसं काही नाही. हात दुखतो, एखादीला ताप येतो, चक्कर येऊ नये म्हणून थोडा वेळ बसवून ठेवतो. पूर्ण समाधान झालं. खात्रीसाठी परत फोन केला. त्यानंतर त्या उचलत नाहीत. बिझी असतील.
जेवण गेलं नाही. उठबस चालू. अमिता म्हणाली, एका जागी बसा.

१५ मार्च
अमिताची मोठी बहीण शकुंतला याच कॅन्सरनं गेली. सौंसरहून नागपूरला तिला मीच गाडीत नेलं होतं. म्हणाली, जवाईबापू, काच खाली करा, संत्र्याच्या बहराचा वास येऊन राहिला. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलं.
मला भीती वाटते. लस दिली तर वाटते, नाही दिली तर वाटते. हे इथेच लिहितो, बाहेर माझी इमेज वेगळी आहे.
म्हणून घाई नको.

१९ मार्च, पाडवा
शुभमुहूर्त. आजच द्यायची. तृप्तीला तयार केलं, गाडी पुसली. अमिता म्हणाली, आज सुट्टी आहे, तुम्हाले माहीत होतं. मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे लक्षात नव्हतं.
डिंपल अंगणात दोरीच्या उड्या मारत होती. अजून लस नाही, हे उड्यांवरून ओळखलं.

२१ मार्च
तृप्तीनं विचारलं, बाबा, आपण कधी जाऊन राहिलो? तिला म्हटलं, बेटा, बाप आहे ना.

२३ मार्च
फायनल प्लॅन. उद्या नागपूरला मोठ्या डॉक्टरांचं मत, परवा सकाळी लस. एक दिवस हातात असताना काम फत्ते! अमितानं मान डोलावली. आजवर तिनं इतक्या सहज माझं ऐकलं नव्हतं.

२४ मार्च, संध्याकाळ
डॉक्टरांकडे गर्दी. कंपाउंडर म्हणाला, तुमच्या गावाकडे फुकट मिळून राहिली, मंग इथं काहून आले? बरोबर बोलला. संत्र्याचा ज्यूस प्यायलो, आपल्याच संत्र्याचा असावा, आंबट होता. गाडीत मन अगदी घट्ट केलं. उद्या नक्की.
घरी आलो तर तृप्ती पलंगावर, दंडावर कापसाचा बोळा. आजच झालं, डिंपलचंही. मी गेल्याबरोबर अमिता तुळशीरामच्या दारात उभी राहिली. म्हणाली, तुम्हा दोघा बापांचं चालू द्या, पोरींचं वय थांबत नाही. त्यानं मुकाट्यानं जीप काढली.
ठीक आहे. तत्त्वतः निर्णय माझाच होता.
तृप्तीला विचारलं, दुखलं का? म्हणाली, सुई पाहून लय भेव लागलं बाबा. तुम्ही नव्हते. मंग तुळशीकाकाचा हात धरला.
आभार मानायला गेलो. तुळशीरामनं चहा मांडला. कप पुढे करताना दिसलं, त्याच्या मनगटावर माझ्या पोरीची नखं उमटली होती.